डिव्हाइज: बेत आखण्यापासून घर नावावर करण्यापर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी इंग्रजी कागदपत्रांचं मराठी भाषांतर करते, आणि ज्या एका शब्दाबद्दल मला सगळ्यात जास्त मेसेज येतात तो म्हणजे डिव्हाइज. कुणाच्या हातात परदेशातल्या मावशीचं विल असतं, कुणाला स्पेलिंगने रडवलेलं असतं, कुणाला नुसतंच कुतूहल असतं. तेच तेच पुन्हा टाइप करण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढू. कायद्याबद्दल जे लिहिलंय ते शब्द समजावा इतक्यापुरतं आहे, प्रत्यक्ष मिळकतीचा मामला असेल तर कागद घेऊन वकिलाकडे जाच, फोनवर फोटो पाठवून भागवू नका.

१. डिव्हाइज म्हणजे नक्की काय? एका डिक्शनरीत "योजना आखणे" दिलंय आणि दुसरीकडे "मृत्युपत्राने देणे", दोन्ही बरोबर कसं?

दोन्ही बरोबर आहे. रोजच्या इंग्रजीत डिव्हाइज म्हणजे डोकं लावून काहीतरी योजणं, युक्ती काढणं, पद्धत बसवणं. "त्यांनी नवीन पद्धत डिव्हाइज केली" म्हणजे विचार करून शोधून काढली. कायद्याच्या इंग्रजीत मात्र डिव्हाइज म्हणजे मृत्युपत्राने मालमत्ता देणं, त्यातही जुन्या रिवाजाप्रमाणे घर, जमीन अशी स्थावर मालमत्ता. तिथे तो नाम म्हणूनही येतो, म्हणजे अशा देण्यालाच "अ डिव्हाइज" म्हणतात.

कुठला अर्थ घ्यायचा ते कागद बघून ठरवायचं. एका ताईंनी मला त्यांच्या मावशीच्या विलचं मोबाइलवर केलेलं भाषांतर पाठवलं होतं, त्यात एक ओळ होती, "मी माझे घर माझ्या भाचीला तयार करते". ताई बिचाऱ्या दोन दिवस विचार करत होत्या की मावशीला घराचं रिनोव्हेशन करायचं होतं की काय. मूळ वाक्य साधं होतं, "आय डिव्हाइज माय हाउस टु माय नीस", म्हणजे माझ्या पश्चात माझं घर माझ्या भाचीला. भाची म्हणजे त्या स्वतःच. फोनवर कळल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

२. डिव्हाइस आणि डिव्हाइज वेगळे शब्द आहेत का? मी कायम गोंधळते.

बहिणी-बहिणी आहेत. डिव्हाइस नाम आहे, मोबाइल वगैरे उपकरण किंवा युक्ती, त्याच्या स्पेलिंगमधे सी आणि उच्चारात स. डिव्हाइज क्रियापद आहे, स्पेलिंगमधे एस आणि उच्चारात ज. ॲडव्हाइस आणि ॲडव्हाइज या जोडीसारखंच, एक लक्षात राहिलं की दुसरं आपोआप राहतं.

फक्त दोन खाचखळगे आहेत. एक, कायद्यातलं नाम ("अ डिव्हाइज") हे नाम असूनही एसनेच लिहितात आणि जनेच उच्चारतात, तिथे सी लावलात तर विलमधे मोबाइल वाटल्यासारखं होईल. दुसरं म्हणजे झेड. इंग्रजीत काही क्रियापदं एसने आणि झेडने अशी दोन्ही लिहितात, ऑर्गनाइज, रिअलाइज वगैरे, त्यामुळे लोकांना वाटतं अमेरिकन पद्धतीने डिव्हाइजलाही झेड चालेल. नाही चालत, ना लंडनला ना न्यूयॉर्कला. ऑर्गनाइजचा शेवट हा मागून जोडलेला प्रत्यय आहे, डिव्हाइजमधला एस शब्दाच्या मूळ अंगातलाच आहे. अंग कुठलं ते पुढच्या प्रश्नात.

३. हा शब्द मुळात आला कुठून?

फ्रेंचमधून, आणि फ्रेंचमधे लॅटिनमधून. लॅटिनमधे दिवीदेरे म्हणजे वाटणे, वेगळे करणे. इंग्रजीतला डिव्हाइड आणि डिव्हिजन त्याचेच. त्या दिवीदेरेपासून बोलीभाषेतल्या लॅटिनमधे "पुन्हा पुन्हा वाटणे, नीट वाटे घालणे" अशा अर्थाचं एक क्रियापद तयार झालं आणि जुन्या फ्रेंचमधे त्याचं देविझे झालं. 1066 ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबार आणि कोर्ट फ्रेंच बोलायला लागलं, आणि तेराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत येऊन बसला.

त्या जुन्या फ्रेंच शब्दाच्या पोटात बरंच काही होतं: वाटणं, लावून ठेवणं, आखणं, सविस्तर सांगणं, इच्छा करणं, आपल्या पश्चात कुणाला काय ते ठरवणं. म्हणजे इंग्रजीने दोन अर्थ नंतर चिकटवले असं झालेलं नाही, शब्द आला तेव्हाच दोन्ही घेऊन आला होता.

४. पण "वाटणे" चा "योजना करणे" कसा काय झाला? काही संबंधच लागत नाही.

लागतो, आणि मराठी माणसाला तर पटकन लागावा, कारण आपण "बेत आखतो". आखणे म्हणजे रेघा मारणे. वही आखतात, प्लॉटची आखणी करतात, आणि सहलीची पण आखणीच करतात. रेघ मारली की दोन भाग झाले, दोन भाग झाले की कुठे काय ते ठरलं.

मी लहान असताना आमच्याकडे शेताची वाटणी झाली ती मला लख्ख आठवते. आजोबा सकाळी सुतळीचा गुंडा आणि घमेल्यात चुना घेऊन निघाले, दोन्ही काका मागे, आणि मी त्यांच्याही मागे. एका टोकाला खुंटी ठोकली, सुतळी ताणली, तिच्याखाली चुन्याची बारीक धार सोडत गेले. पण निम्म्यात थांबले, कारण सरळ रेघ मारली असती तर विहीर एकट्या थोरल्या काकाकडे गेली असती. मग बसले बांधावर, तंबाखू मळली, आणि म्हणाले रेघ विहिरीपाशी वळवू, पाण्याच्या पाळ्या लावू, चार दिवस तुझे चार दिवस त्याचे, आणि आंबा दोघांत राहील. आता मला सांगा त्या दिवशी त्यांनी वाटणी केली, की योजना आखली, की आपल्या पश्चात कसं चालावं ते ठरवलं? तिन्ही एकाच सुतळीने केलं. डिव्हाइज या शब्दाचे सगळे अर्थ मला तेव्हापासून त्या सुतळीवर दिसतात.

आणि हे लॅटिनपुरतं नाही. संस्कृतमधे वि + धा या धातूचे अर्थ बघा: वाटून देणे, व्यवस्थित मांडणे, नेमून देणे. त्यातूनच विधान, विधी आणि विधाता आले. वेगळं करून ठेवण्यातून नेमून देणं, हाच रस्ता आपल्याकडेही आहे. (याचा एक धागा पुढे १३ व्या प्रश्नात परत येतो.)

५. मग मृत्युपत्रात हा शब्द फक्त जमिनीसाठी का अडकून बसला?

कारण इंग्लंडमधे जमीन आणि बाकीच्या वस्तू यांचे कायदेच वेगळे होते. भांडीकुंडी, गुरं, पैसा यांचं काय करायचं ते माणूस मरताना सांगू शकत असे आणि त्यावर चर्चच्या कोर्टांचा अंमल होता. जमीन मात्र सरंजामी व्यवस्थेत वरच्या मालकाकडून धरलेली असायची, ती मरताना कुणालाही देता येत नसे, कायद्याने थोरल्या मुलाकडे जायची. लंडनसारख्या काही शहरांत रिवाजाने मृत्युपत्राने देता येई, पण तो अपवाद.

लोकांनी पळवाट काढली. जमीन हयातीतच भरवशाच्या मित्रांच्या नावे करायची आणि त्यांनी ती आपल्या सांगण्याप्रमाणे सांभाळायची. याने राजाचं उत्पन्न बुडायला लागलं, म्हणून आठव्या हेन्रीने 1536 ला कायदा करून ही वाट बंद केली. जमीनदार इतके खवळले की त्याच वर्षी उत्तर इंग्लंडमधे जो मोठा उठाव झाला त्याच्या मागण्यांमधे हीसुद्धा होती. शेवटी 1540 ला मृत्युपत्रांचा कायदा आला आणि जमीन मृत्युपत्राने देण्याची मुभा मिळाली, पण पूर्ण नाही: लष्करी सेवेच्या अटीवर धरलेली जमीन असेल तर फक्त दोन तृतीयांश. तेव्हापासून जमीन "डिव्हाइज" करतात आणि वस्तू "बिक्वीद" करतात ही विभागणी वकिलांच्या लेखणीत पक्की बसत गेली.

६. बिक्वीद आणि डिव्हाइज यांत मग नक्की फरक काय? एखादं खरं उदाहरण द्या.

जुन्या काटेकोर वापरात: डिव्हाइज स्थावरासाठी, बिक्वीद जंगमासाठी.

खरं उदाहरण म्हणजे शेक्सपिअरचं मृत्युपत्र, तारीख 25 मार्च 1616, त्यानंतर महिन्याभरात तो गेला. त्यात धाकटी मुलगी ज्युडिथ हिला पैसे देताना शब्द आहेत "गिव्ह अँड बिक्वीद". थोरली सुझाना हिला स्ट्रॅटफर्डमधलं राहतं मोठं घर, न्यू प्लेस, देताना मात्र ओळ वाढते: "गिव्ह, विल, बिक्वीद अँड डिव्हाइज". घर आलं की डिव्हाइज आला. आणि बायकोचा उल्लेख? दोन ओळींच्या मधे नंतर घुसवलेली एक छोटी ओळ, की माझा दुसऱ्या नंबरचा चांगला पलंग बायकोला, आणि तिथे नुसतं "गिव्ह". त्या पलंगावरून अभ्यासक अजून भांडतात, की हा अपमान होता की तो पलंग दोघांचा होता म्हणून प्रेमाने दिला. मला दुसरं खरं वाटतं, पण ते माझं मत.

बिक्वीदचं मूळही सांगण्यासारखं आहे. तो शुद्ध जुना इंग्रजी शब्द, त्यातला मुख्य भाग "बोलणे" या अर्थाचा. म्हणजे बिक्वीद म्हणजे बोलून देणं, शेवटचं सांगणं. आपल्याकडे म्हातारी माणसं "माझ्या बांगड्या हिला द्या बरं का" म्हणून सांगून ठेवतात ना, तेच. एक शब्द बोलण्यातून आला आणि एक वाटण्यातून, दोन्ही एकाच कागदावर शेजारी बसले.

७. विलमधे "गिव्ह, डिव्हाइज अँड बिक्वीद" असे तीन-तीन शब्द का लिहितात? एकाने भागत नाही का?

आता भागतं. तेव्हा वकिलांना भीती असायची की एखादी वस्तू शब्दातून निसटेल, म्हणून स्थावराचा एक, जंगमाचा एक आणि वरून एक सर्वसाधारण. शिवाय फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्या समाजात जोड्या लावून लिहायची सवयच लागली होती. इंग्लंडच्या 1837 च्या मृत्युपत्र कायद्यातही "डिव्हाइज, बिक्वीद ऑर डिस्पोज ऑफ" असंच आहे.

"विल अँड टेस्टामेंट" ही तशीच जोडी. विल हा इंग्रजी, म्हणजे इच्छा. टेस्टामेंट लॅटिन, साक्षीदार या अर्थाच्या शब्दापासून, आणि त्या शब्दाचं मूळ "तिसरा म्हणून उभा असलेला" असं धरतात, त्रि आणि स्था हे आपले ओळखीचेच तुकडे. दोघांच्या व्यवहारात तिसरा उभा तो साक्षीदार. आपला तिऱ्हाईत पण असाच तीनातून आलाय.

८. भारतातल्या कायद्यात हा शब्द आहे का? मी तर विलमधे कायम बिक्वेस्ट आणि लेगसीच बघितलंय.

तुम्ही बघितलंय ते बरोबर आहे. 1925 चा भारतीय वारसा कायदा मुख्यतः बिक्वेस्ट (विलने देणं, बिक्वीदचंच नाम), लेगसी (विलने दिलेली मालमत्ता), लेगटी (ज्याला मिळते तो) हेच शब्द वापरतो, आणि स्थावर-जंगम असा शब्दांचा भेद करत नाही. घर असो की घड्याळ, बिक्वेस्टच.

पण डिव्हाइज एका अतिशय महत्त्वाच्या जागी आहे आणि ती जागा प्रत्येक बाईने वाचावी असं मला मनापासून वाटतं. हिंदू वारसा कायदा 1956, कलम 14. हिंदू स्त्रीच्या ताब्यातली मालमत्ता, ती कायदा येण्याआधी मिळालेली असो की नंतर, तिच्या पूर्ण मालकीची, असं ते कलम म्हणतं, आणि मालमत्ता म्हणजे काय ते सांगताना यादी देतं: वारशाने मिळालेली किंवा डिव्हाइजने मिळालेली, वाटणीत मिळालेली, पोटगीच्या बदल्यात मिळालेली, बक्षीस मिळालेली, स्वतःच्या कष्टाने मिळवलेली, विकत घेतलेली, वगैरे. इथे डिव्हाइज स्थावर आणि जंगम दोन्हीसाठी आहे, कारण वाक्याची सुरुवातच दोन्ही धरून होते. म्हणजे ६ व्या प्रश्नातला जमीन-वस्तू हा फरक इथे लावायचा नाही.

1956 च्या आधी विधवेला नवऱ्याच्या इस्टेटीत मिळायचा तो मर्यादित हक्क, हयात असेपर्यंत खायचं, सहजी विकायचं नाही, ती गेली की मालमत्ता नवऱ्याच्या वारसांकडे परत. कलम 14 ने ते पूर्ण मालकीत बदललं.

९. म्हणजे विलने बाईला काहीही मिळालं की ते पूर्ण तिचंच, असं समजायचं का?

नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. त्याच कलमाचं दुसरं पोटकलम म्हणतं की बक्षीसपत्र, मृत्युपत्र वगैरे कागदाने मालमत्ता देतानाच जर "हयातीपर्यंत राहायचं, नंतर अमक्याला" अशी मर्यादा घातली असेल तर ती मर्यादा चालते. मग कोर्टात भांडण होतं ते यावर की तो कागद नवा हक्क देत होता की तिचा आधीपासूनचा हक्क, म्हणजे पोटगीचा वगैरे, फक्त मान्य करत होता. सर्वोच्च न्यायालयाने 1977 च्या तुलसम्मा खटल्यात सांगितलं की आधीच्या पोटगीच्या हक्कापोटी दिलेली मालमत्ता असेल तर कागदावर मर्यादा लिहिलेली असली तरी ती पूर्ण मालकीची होते. त्यामुळे आईला मिळालेल्या घराच्या विलमधे "हयातीत" हा एक शब्द दिसला की लगेच हातपाय गाळू नका आणि लगेच निश्चिंतही होऊ नका, ते कशापोटी दिलं होतं हे आधी शोधा.

१०. अमेरिकेतल्या मावशीच्या विलमधे बँकेतले पैसेसुद्धा "डिव्हाइज" केलेत. चूक आहे का?

चूक नाही. अमेरिकेत युनिफॉर्म प्रोबेट कोड नावाचा नमुना कायदा 1969 ला तयार झाला, त्यात डिव्हाइजची व्याख्याच स्थावर किंवा जंगम मालमत्ता मृत्युपत्राने देणे अशी केली. फ्लोरिडा, मिशिगन अशा राज्यांच्या कायद्यांत हाच रुंद अर्थ आहे. म्हणजे जो शब्द चारशेहून जास्त वर्षं जमिनीला बांधलेला होता तो तिथे परत मोकळा झाला, जुन्या फ्रेंचमधे होता तसा.

पण विल कुठल्या राज्यातलं आहे ते बघा, आणि जुनं विल असेल तर जुना अर्थही असू शकतो. विलच्या पहिल्या परिच्छेदात बहुतेक वेळा राहण्याचं राज्य लिहिलेलं असतं, भाषांतराला पाठवताना ते पान वगळू नका, लोक नेमकं तेच वगळतात.

११. डिव्हायझर, डिव्हायझी, रेसिड्युअरी डिव्हाइज... हे सगळं काय आहे?

पटकन: डिव्हायझर म्हणजे देणारा. डिव्हायझी म्हणजे ज्याला मिळालं तो. रेसिड्युअरी डिव्हाइज म्हणजे नावानिशी सगळं वाटून झाल्यावर जे उरेल ते अमक्याला. स्पेसिफिक डिव्हाइज म्हणजे नेमकी एक वस्तू किंवा जागा. ती जागा माणसाने हयातीतच विकून टाकली असेल तर सर्वसाधारणपणे त्या डिव्हाइजला अर्थ उरत नाही, त्याच्या बदल्यात पैसे मागता येत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा.

१२. आमच्या भाडेकरारात "डिमाइज्ड प्रिमायसेस" लिहिलंय. डिमाइज म्हणजे मृत्यू ना? आई घाबरलीय.

आईंना सांगा काही नाही. डिमाइज हा वेगळाच शब्द, फ्रेंचमधल्या "सोडून देणे, दुसऱ्याच्या हवाली करणे" या क्रियापदापासूनचा. डिमाइज म्हणजे जागेचा हक्क दुसऱ्याला देणं, विशेषतः भाडेपट्ट्याने. राजा मेला की राज्य दुसऱ्याकडे जायचं म्हणून "हवाली होणे" वरून "मरण" हा अर्थ नंतर आला. तुमच्या करारात फक्त "भाड्याने दिलेली जागा" एवढंच म्हटलंय. डिव्हाइजशी त्याचं नातं नाही, कानाला सारखं लागतं इतकंच.

१३. रिव्हाइज, ॲडव्हाइज, सुपरव्हाइज हे सगळे डिव्हाइजचे भाऊ का? आणि कुणीतरी म्हणालं की विधवा हा शब्द पण यातलाच, हे खरं आहे?

दोन प्रश्न आहेत, पण एकत्रच घेते कारण एक नाही आणि एक हो.

पहिला नाही. रिव्हाइज, ॲडव्हाइज, सुपरव्हाइज, इम्प्रोव्हाइज हे सगळे लॅटिनमधल्या "पाहणे" या धातूचे. व्हिजन, व्हिसा तेच. आपलं विद्, वेद, विद्या हे त्या धातूचे सख्खे, पाहिलं म्हणजे कळलं. डिव्हाइज यात दिसायला बसतो पण वंश वेगळा, तो "वेगळे करणे" या धातूचा. लॅटिनमधेच दोन धातू जवळजवळ सारखे दिसायला लागले होते म्हणून हा घोटाळा.

दुसरा हो. त्या "वेगळे करणे" वाल्या मूळ धातूपासून लॅटिनमधे एका बाजूला दिवीदेरे आला आणि दुसऱ्या बाजूला विदुआ, म्हणजे नवऱ्यापासून तुटलेली. इंग्रजी विडो, जर्मन विट्वे, रशियन व्दोवा, फारसीतून हिंदी-उर्दूत आलेलं बेवा, आणि आपलं संस्कृत विधवा, हे सगळे एकाच शब्दाची रूपं आहेत. आपल्याला शाळेत वि + धव, धव म्हणजे नवरा, तो नसलेली ती विधवा अशी फोड शिकवतात. बऱ्याच अभ्यासकांच्या मते गोष्ट उलटी झाली, विधवा हा शब्द आधीपासून अखंड होता आणि त्याची अशी फोड करून धव हा शब्द नंतर काढला. काही भाषाशास्त्रज्ञ तर तो मूळ धातूच "दूर ठेवणे" म्हणजे वि + धा च्या जोडीचा मानतात, ४ थ्या प्रश्नात आला तोच.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कलम 14 परत उघडून वाचलं (८ वा प्रश्न). डिव्हाइज आणि विधवा, एकाच "वेगळं करण्या"तून निघून हजारो वर्षं आणि तीन भाषा हिंडून ते दोघं त्या कलमाशी भेटतात, एक शब्द म्हणून लिहिलेला आहे आणि दुसरी ज्यांच्यासाठी ते कलम लिहिलं गेलं त्यांच्यातली एक आहे. आमच्या आजीला तिच्या नावाचा सातबारा मिळाला तो त्याच कायद्याने. तिला वाचता येत नव्हतं, पण तलाठ्याकडून आणलेला तो उतारा तिने ट्रंकेत लुगड्याच्या घडीत ठेवला होता आणि दिवाळीला बाहेर काढून परत तसाच ठेवायची.

१४. फ्रेंच शिकतेय, तिथे हे शब्द वेगळ्याच अर्थाने भेटतात. का?

कारण तिथे वाटणीच्या दुसऱ्या फांद्या वाढल्या. फ्रेंचमधे देविझे म्हणजे आता गप्पा मारणे (सविस्तर सांगणे या जुन्या अर्थातून). देवी म्हणजे कामाचं एस्टिमेट, गवंडी काय काय किती लागेल ते बाबवार लिहून देतो तो कागद. देवीझ म्हणजे ब्रीदवाक्य, आणि परकीय चलनही. जर्मनमधे देवीझेन म्हणजे फॉरेन एक्स्चेंज, इटालियनमधे दिवीझा म्हणजे गणवेश. गणवेश आणि ब्रीद यांचा धागा असा की ज्याने एक घराणं किंवा पलटण दुसऱ्यापासून वेगळी ओळखू येते ती खूण. इंग्रजीतही ढालीवरच्या अशा चिन्हाला डिव्हाइस म्हणतात.

१५. भाषांतर करताना मराठीत कुठला शब्द वापरू?

योजनेच्या अर्थी: आखणे, योजणे, युक्ती काढणे, शक्कल लढवणे. शेवटचे दोन जरा हलकेफुलके आहेत, सरकारी धोरणाला शक्कल लावू नका.

मृत्युपत्राच्या अर्थी मी "मृत्युपत्रान्वये देणे" लिहिते, आणि घरच्या माणसाला समजावताना "माझ्या पश्चात अमक्याला". "वाटणी" हा शब्द मूळ अर्थाला कितीही जवळचा असला तरी इथे टाळा, कारण आपल्याकडे वाटणीपत्र हा वेगळा दस्त आहे, सहहिस्सेदार हयात असताना होतो. "बक्षीस" पण नको, बक्षीसपत्र हयातीतच लागू होतं. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं, तोवर तो ते कितीही वेळा बदलू शकतो. जुन्या कागदांत व्यवस्थापत्र हा शब्दही सापडतो, मला तो फार आवडतो, त्यात योजना आणि देणं दोन्ही आहे.

१६. गोव्यातल्या जमिनीबद्दल विल असेल तर काही वेगळं आहे का?

आहे. गोव्यात पोर्तुगीज सिव्हिल कोडची परंपरा आहे (1867 चा कोड, गोव्यात 1870 पासून), आणि वारशाचा भाग आता गोव्याच्या 2012 च्या स्वतंत्र कायद्यात आहे. मुलंबाळं किंवा आईवडील असतील तर माणसाला आपल्या हिश्शाचा अर्धा भागच मनाप्रमाणे मृत्युपत्राने देता येतो, उरलेला अर्धा त्यांचा राखीव. त्यात लग्नाने बहुतेक वेळा मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक होते, म्हणजे आधी अर्धी बायकोची, उरलेल्या अर्ध्याची अर्धी मनाप्रमाणे. मुंबईत बसून कुणी "आय डिव्हाइज ऑल" लिहिलं तरी गोव्यातल्या घराला ते "ऑल" जसंच्या तसं लागू होईल असं धरून चालू नका.

१७. आमच्या आजोबांनी वहीच्या पानावर साध्या मराठीत लिहिलंय, "घर धाकट्याला, दागिने सुनेला, बाकी सगळे मिळून घ्या". डिव्हाइज, बिक्वीद काहीच नाही. हे विल धरतात का?

शब्द नाहीत म्हणून नाकारता येत नाही. भारतीय वारसा कायद्याचं कलम 74 स्पष्ट सांगतं की विलमधे तांत्रिक शब्द किंवा परिभाषा वापरायची गरज नाही, लिहिणाऱ्याचा इरादा त्यातून कळला म्हणजे झालं. रजिस्ट्रेशनही सक्तीचं नाही, स्टँप पेपरही लागत नाही.

बघायचं ते वेगळं: कलम 63 प्रमाणे आजोबांची सही किंवा अंगठा आहे का, आणि कमीत कमी दोन साक्षीदारांनी आजोबांना सही करताना बघून किंवा सही केल्याचं त्यांच्याकडून ऐकून त्यांच्यासमोर स्वतःच्या सह्या केल्यात का. लोक इथेच अडकतात, वहीचं पान सुंदर अक्षरात असतं आणि खाली एकच सही असते, शेजारच्या काकांची. तेव्हा ते पान आज काढा, सह्या मोजा, साक्षीदार हयात आहेत का आणि कुठे राहतात ते विचारून घ्या, आणि पान लॅमिनेट करू नका, मूळ कागद आणि शाई तपासायची वेळ आली तर लॅमिनेशन आड येतं, साध्या प्लास्टिकच्या फोल्डरमधे ठेवा.